बनबशाच्या बॅरेजवरून नेपाळात : स्वतःच्या गाडीने महाकाली ओलांडताना

खानदेशातून स्वतःच्या गाडीने नेपाळला जाणारी बहुतेक मंडळी गोरखपूरवरून सोनौली गाठतात, कारण पशुपतिनाथाच्या यात्रेच्या बसगाड्या तिकडूनच जातात आणि रस्ता माहितीचा असतो. पण धुळ्याहून आग्रा रोड धरून सरळ उत्तरेला निघालेल्या माणसाला नेपाळची जी बाजू आधी लागते, ती पश्चिमेची आहे. उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात बनबसा नावाचे छोटे गाव आहे, तिथे शारदा नदीवर इंग्रजांच्या काळातले बॅरेज आहे आणि त्या बॅरेजवरच्या अरुंद रस्त्याने पलीकडे गेले की नेपाळचा कंचनपूर जिल्हा सुरू होतो. आम्ही शिरपूरहून गाडी घेऊन याच वाटेने दोनदा गेलो आहोत. पहिल्या वेळी ज्या गोष्टींची माहिती नसल्यामुळे अडलो, त्या पुढच्या माणसाला आधीच कळाव्यात म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक स्पष्ट सांगतो. ज्यांना पाच-सहा दिवसांत फक्त काठमांडू करून परत यायचे आहे, त्यांनी बनबसा निवडू नये. बनबशाहून काठमांडू जवळजवळ सातशे किलोमीटर आहे आणि तो रस्ता दोन दिवस खातो. ज्यांना शुक्लाफाँटा आणि बर्दियाची जंगले पाहायची आहेत, कर्णालीच्या काठी थांबायचे आहे आणि ज्यांच्या हाताशी दहा-बारा दिवस आहेत, त्यांच्यासाठी ही वाट सोनौलीपेक्षा कितीतरी शांत आणि चांगली आहे.

पूल म्हणजे नेमके काय आहे

आपल्याकडे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा ही तापीवरची बॅरेजे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बनबशाची कल्पना लगेच येईल. नदीच्या आडवी दारांची रांग, खाली पाण्याचा घोष आणि वरून रस्ता. फरक इतकाच की हे बॅरेज १९२८ साली सुरू झाले, तेव्हा रस्त्यावरून मोटारींची वर्दळ होईल असा विचार कोणी केलेला नव्हता. शारदा कालव्याला पाणी वळवणे हाच त्याचा उद्देश होता आणि आजही त्याचा कारभार उत्तर प्रदेशच्या पाटबंधारे खात्याकडे आहे. नदी एकच असली तरी नेपाळात तिला महाकाली म्हणतात आणि मैदानात उतरल्यावर ती शारदा होते. सुगौलीच्या तहानंतर, म्हणजे १८१६ पासून, हीच नदी नेपाळची पश्चिम सीमा ठरली. बॅरेज बांधायला पलीकडच्या काठाची जमीन लागली, म्हणून १९२० साली इंग्रज सरकारने नेपाळकडून चार हजार एकर जमीन घेतली आणि बदल्यात तेवढीच दुसरीकडे दिली. पुढे १९९६ च्या महाकाली करारात या बॅरेजमधून नेपाळला किती पाणी द्यायचे तेही ठरले: १५ मे ते १५ ऑक्टोबर या काळात एक हजार क्युसेक आणि एरवी दीडशे.

हा इतिहास प्रवाशाच्या उपयोगाचा आहे, कारण तो कळला म्हणजे फाटकाची शिस्त का आहे तेही कळते. तुम्ही राष्ट्रीय महामार्गावरच्या पुलावरून जात नसून पाटबंधाऱ्याच्या एका चालू कामावरून जात असता. रस्ता एका गाडीपुरता आहे, समोरून वाहन आले तर दोघांना जागा होत नाही, म्हणून एका वेळी एकाच दिशेची वाहने सोडतात. चारचाकी वाहनांसाठी फाटक दिवसातून ठरावीक वेळांनाच उघडते, आणि त्या वेळा ऋतूप्रमाणे व बंदोबस्ताप्रमाणे बदलतात. पायी आणि सायकलीवर जाणाऱ्यांना एवढी अडचण नसते. पावसाळ्यात डोंगरात मोठा पाऊस होऊन नदीचा विसर्ग एक लाख क्युसेकच्या वर गेला की वाहनांची ये-जा बंद करतात आणि पाणी उतरेपर्यंत कोणाचीही विनंती चालत नाही.

केव्हा निघावे

कानबाई घरात बसते त्या श्रावणात तर अजिबात निघू नये. एक तर नदी भरलेली असते आणि दुसरे म्हणजे तिकडचे डोंगररस्ते दरडींनी बंद पडतात. दसऱ्याच्या आगेमागे नेपाळचा दशैं हा त्यांचा सर्वांत मोठा सण येतो. त्या आठवड्यात दिल्ली, पंजाब, महाराष्ट्र इथे कामाला असलेले पश्चिम नेपाळचे हजारो लोक याच पुलावरून घरी जातात आणि बनबशात पाय ठेवायला जागा नसते. दुसरी गर्दी चैत्रात होते. शेजारच्या टनकपूरजवळ पूर्णागिरी देवीची मोठी यात्रा भरते आणि देवीचे दर्शन झाल्यावर नेपाळातल्या ब्रह्मदेव इथे सिद्धनाथाला गेल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असे तिकडचे भाविक मानतात. डिसेंबर-जानेवारीत तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यात, सकाळी इतके दाट धुके असते की बरेलीपासून पुढे दहा वाजेपर्यंत गाडी चालवणे धोक्याचे ठरते. या सगळ्यांतून उरतात ते दिवाळीनंतरचे तीन आठवडे आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंतचा काळ. कापसाची वेचणी आणि रब्बीची पेरणी सांभाळणाऱ्या शेतकरी घराला यांतला दुसराच काळ सोयीचा पडतो. निवडणुका मात्र पाहून घ्याव्यात, कारण दोन्हीकडे मतदानाच्या आधी दोन-तीन दिवस सीमा बंद ठेवण्याची पद्धत आहे.

घरून निघण्याआधीची कागदपत्रे

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या मैत्री करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही आणि जमिनीवरून जाताना पासपोर्टचीही सक्ती नाही. ओळखपत्र मात्र प्रत्येकाजवळ हवे आणि ते पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे. आधार कार्डावर भिस्त ठेवू नये. विमानाने जाताना पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाचे आधार चालत नाही, आणि अचानक विमानाने परतायची वेळ आली तर तिथेच अडकून पडाल. सोबत दुसऱ्याचे मूल असेल, भाचा असो की पुतण्या, तर त्याच्या आईवडिलांचे सहीचे पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी. मुलांची आणि स्त्रियांची तस्करी रोखण्यासाठी सशस्त्र सीमा बलाचे जवान या नाक्यावर चौकशी करतात. ती चौकशी रास्त आहे, तिला राग न मानता नीट उत्तर द्यावे.

गाडीच्या कागदांत आरसी बुक, चालकाचा परवाना, विमा आणि पीयूसी ही चार मूळ स्वरूपात हवीत. मोबाइलमधले डिजिलॉकर आपल्या पोलिसांना चालते, नेपाळी नाक्याच्या खिडकीवर चालत नाही. तिथे आरसीला ‘ब्लुबुक’ म्हणतात. कोणी ब्लुबुक मागितले तर गोंधळू नये. प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स प्रती घरूनच काढून न्याव्यात.

गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर असणे सर्वांत सोपे. आमची गाडी आबांच्या नावावर होती आणि आबा घरी होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारचे नाना ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “भाऊ, गाडी कोना नाववर शे?” आम्हाला तोवर हे सुचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशीचे निघणे रद्द करून आम्ही स्टॅम्प पेपरवर आबांचे अधिकारपत्र नोटरीकडून करून घेतले, त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, चालकाचे नाव, प्रवासाच्या तारखा आणि ‘नेपाळमध्ये नेण्यास माझी संमती आहे’ असे स्पष्ट वाक्य घातले. पुढे गड्डाचौकीच्या, म्हणजे पलीकडच्या नेपाळी नाक्याच्या, खिडकीवर हा कागद मागितला गेला, तेव्हा नानांचे उपकार आठवले. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्रही सोबत असू द्यावे. पिवळ्या पाटीच्या गाडीला आणखी परवानग्या लागतात, म्हणून भाड्याची गाडी नेत असाल तर त्या गाडीमालकाने आधी नेपाळ केलेले आहे याची खात्री करून घ्या.

विम्याबद्दल दोन वाक्ये जास्त लिहितो, कारण इथे चूक झाली तर ती लाखांत जाते. आपली नेहमीची मोटार पॉलिसी फक्त भारताच्या हद्दीत लागू असते. थोडा जादा हप्ता भरून तिची भौगोलिक मर्यादा वाढवून मिळते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या देशांसाठी अशी सोय विमा नियमांतच आहे. विमा कंपनीला लेखी अर्ज द्यावा, प्रवासाच्या तारखा कळवाव्यात आणि वाढीव मर्यादेचा छापील कागद हातात आल्याशिवाय निघू नये. एजंट तोंडी ‘चालते’ म्हणाला तर ते मानू नये. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गाडी नेपाळातल्या बुटवलजवळ दुसऱ्या गाडीवर आदळली आणि तोंडी आश्वासनावर विसंबल्यामुळे सगळा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला.

औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत, विशेषतः खोकल्याची आणि तीव्र वेदनाशामक. ड्रोन घरी ठेवावा. नेपाळात सीएनजी मिळत नाही, म्हणून सीएनजीच्या गाडीने जाणाऱ्यांनी पुढचा सगळा प्रवास पेट्रोलवर होणार हे धरून खर्च काढावा.

पैसे

शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून कायम आहे, त्यामुळे हिशोब सोपा पडतो. प्रश्न नोटांचा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. या नियमात पुढे सैलपणा आणण्याची पावले पडली असली, तरी लहान गावातला दुकानदार शंभराचीच नोट निर्धास्त घेतो. म्हणून शंभराच्या नोटांची बंडले धुळ्यातल्या किंवा जळगावातल्या आपल्या बँकेतूनच घ्यावीत. बनबशात ऐन वेळी सुट्यासाठी कमिशन द्यावे लागते. मार्च २०२४ पासून नेपाळातल्या फोनपे (Fonepay, आपले PhonePe नव्हे) या कंपनीच्या क्यूआरवर आपले यूपीआय चालू लागले आहे. काठमांडू-पोखऱ्यात त्याचा चांगला उपयोग होतो, पण त्याला मोबाइलचे नेट लागते आणि पूल ओलांडल्यावर नेमके तेच पहिले जाते.

रस्ता

धुळ्याहून सेंधवा, इंदूर, गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा हा जुना मुंबई-आग्रा मार्ग धरायचा. जळगाव-भुसावळकडच्या मंडळींना बऱ्हाणपूर-खंडव्यावरून इंदूर सोयीचे पडते. आग्र्याहून कासगंज-बदायूंवरून बरेली, तिथून पिलीभीत, खटीमा आणि बनबसा. धुळ्यापासून एकूण अंतर साधारण बाराशे किलोमीटर आहे. पहिला मुक्काम शिवपुरीत आणि दुसरा बरेलीला करावा. तिसरा मुक्काम खटीम्यात किंवा बनबशातच करून चौथ्या दिवशी सकाळी ताज्या डोक्याने पूल ओलांडावा. बरेलीहून पहाटे निघून त्याच दिवशी पूल गाठण्याचा आग्रह धरू नये, कारण रस्त्यात एक तास गेला तर फाटक चुकते आणि मग पुढच्या वेळेपर्यंत उन्हात रांगेत बसावे लागते.

मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिले काम हे की हॉटेलवाल्याला आणि पेट्रोल पंपावरच्या माणसाला, अशा दोघांना वेगवेगळे विचारून फाटकाच्या वेळा पक्क्या करायच्या. याहून चांगला मार्ग घरीच असू शकतो. आपल्या शहरांतल्या कॉलन्यांत रात्रीची राखण करणारे नेपाळी बंधू पुष्कळदा अछाम, डोटी, बझांग, कैलाली अशा पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतले असतात आणि दर वर्षी बनबशावरूनच घरी जातात. आमच्या गल्लीतल्या राखणदाराने गावी फोन लावून त्या आठवड्याची फाटकाची वेळ, नदीचे पाणी आणि पुढच्या रस्त्याची स्थिती इतकी अचूक सांगितली की दुसऱ्या कोणत्याही चौकशीची गरज उरली नाही.

पुलावरची सकाळ

फाटक उघडण्याच्या तासभर आधी रांगेत लागावे. टाकी बनबशात भरून घ्यावी, पण डब्यात वेगळे इंधन नेऊ नये. भारतीय बाजूला पोलिस, सशस्त्र सीमा बल आणि कस्टम्स यांची पाहणी होते. ते गाडीचा नंबर आणि माणसांची नावे लिहून घेतात, डिकी उघडायला सांगतात. भारतीय नागरिकाला कोणताही शिक्का लागत नाही. सामानात नवीन, खोक्यात बंद वस्तू असल्या तर अडचण इकडे नव्हे, पलीकडे येते. शंभर नेपाळी रुपयांच्या वरच्या मालावर नेपाळ जकात मागू शकतो. आम्ही जळगावचे केळीचे वेफर्स आणि शेव नेली होती. पाकिटे फोडून घरच्या डब्यांत भरली असल्यामुळे कोणी काही विचारले नाही.

रांग हलली की दोन्ही बाजूंचे आरसे आत दुमडून घ्या. पहिल्या वेळी आम्ही ते विसरलो आणि अर्ध्या वाटेवर एका सायकलस्वाराच्या पिशवीचा बंद डाव्या आरशात अडकला. तो खाली उतरला, आम्ही थांबलो, मागची सगळी रांग थांबली आणि तो बंद सोडवेपर्यंत खालच्या दारांतून निघणाऱ्या पाण्याची थरथर गाडीच्या पत्र्यातून हाताला जाणवत होती. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, पुढच्या गाडीपासून एका गाडीचे अंतर सोडावे आणि पायी चालणाऱ्यांवर हॉर्न वाजवू नये. त्यांना बाजूला व्हायला जागाच नसते. बॅरेजचे, दारांचे किंवा चौकीचे फोटो काढू नयेत. फोटोची हौस असेल तर महेंद्रनगरला पोहोचल्यावर दोधारा-चांदणीचा झुलता पूल पाहायला जावे. महाकालीवरचा तो पादचारी पूल जवळजवळ साडेचौदाशे मीटर लांब आहे आणि तिथे हवे तितके फोटो काढता येतात.

गड्डाचौकीची खिडकी

पलीकडे काही अंतरावर गड्डाचौकीचे नेपाळी नाके लागते. तिथे आधी सशस्त्र प्रहरी, म्हणजे नेपाळचे सशस्त्र पोलिस, गाडी पाहतात, मग ‘भन्सार’ म्हणजे जकात कार्यालयात जायचे. भन्साराशिवाय भारतीय गाडी पुढे नेणे हा गुन्हा आहे आणि तसे पकडले गेल्यास गाडी जप्त होऊ शकते. ‘जवळच महेंद्रनगरपर्यंत जाऊन येऊ, कशाला पावती’ असा विचार मनात आणू नये. खिडकीवर ब्लुबुक, परवाना आणि ओळखपत्र द्यायचे, किती दिवस राहणार ते सांगायचे आणि गाडीच्या प्रकाराप्रमाणे दर दिवसाचे शुल्क भरायचे. भारतीय गाडीला नेपाळच्या एका आर्थिक वर्षात एकूण तीसच दिवस मिळतात, आणि त्यांचे आर्थिक वर्ष जुलैच्या मध्यावर सुरू होते. भन्सार झाल्यावर यातायात कार्यालयाचा रस्ता-परवानाही घ्यायचा असतो. तो कुठे मिळेल ते भन्साराच्याच खिडकीवर विचारावे. शनिवार ही तिकडची आठवड्याची सुट्टी आहे, म्हणून पूल शनिवारी ओलांडू नये. खिडकीच्या बाहेर ‘मी करून देतो’ म्हणणारे मध्यस्थ भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणून स्वतः रांगेत उभे राहिले तरी तासाभरात काम होते, आणि शुल्काची पावती आपल्या हातात येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. भन्साराच्या कागदावर तारीख विक्रम संवताची असते. नेपाळचे महिने सौर आहेत. त्यांचा फागुन साधारण फेब्रुवारीच्या मध्यावर लागतो आणि मार्चच्या मध्यावर संपतो. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या फाल्गुनाशी त्याचा मेळ बसत नाही. अंकही देवनागरीच असले तरी पाच, आठ, नऊ यांची वळणे वेगळी असतात. आम्ही पहिल्या वेळी आठ दिवसांचे शुल्क भरले, कागद घडी करून ठेवला आणि दिवस दुसऱ्या सकाळपासून मोजले. त्यांनी प्रवेशाचा दिवस धरला होता. परत येताना गड्डाचौकीच्या कारकुनाने कागद उलगडून बोट ठेवले, तेव्हा आम्ही एक दिवस उशिरा होतो. त्याने आवाज चढवला नाही, पण दंड भरल्याशिवाय गाडी सोडलीही नाही, आणि या सगळ्यात आमचे संध्याकाळचे फाटक चुकले. म्हणून खिडकी सोडण्याआधीच विचारावे, “शेवटचा दिवस कोणता, इंग्रजी तारीख सांगा,” आणि ती त्याच कागदाच्या मागे पेनाने लिहून ठेवावी. आपल्याला लागतील त्याहून दोन दिवस जास्तीचे शुल्क भरावे. दरड, आजारपण, बंद, काहीही होऊ शकते, आणि आत गेल्यावर मुदत वाढवण्यात अख्खा दिवस जातो.

पलीकडे

घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. गड्डाचौकीपासून पूर्वेच्या काकडभिट्टापर्यंत सुमारे १,०२७ किलोमीटरचा महेंद्र राजमार्ग आहे, त्याचे हे पश्चिमेचे टोक. सहा-सात किलोमीटरवर महेंद्रनगर लागते, ज्याचे कागदोपत्री नाव आता भीमदत्त आहे. तिथे ओळखपत्र देऊन नेपाळ टेलिकम किंवा एनसेलचे सिमकार्ड घ्यावे. चिसापानीला कर्णालीवरचा एकाच मनोऱ्याचा तारांवर तोललेला पूल लागतो, तिथे थांबून चहा घ्यावा. बर्दियाच्या जंगलातल्या रस्त्यावर वेग चाळीसच्या आत ठेवावा लागतो आणि नाक्यावर वेळेची चिठ्ठी मिळते. ठरल्यापेक्षा लवकर बाहेर पडलात तर दंड होतो. रात्री गाडी चालवू नये. पोलिसांसाठी १००, रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि वाहतूक पोलिसांसाठी १०३ हे नंबर गाडीतल्या सर्वांच्या मोबाइलमध्ये असावेत.

परतताना

मुदतीच्या आदल्या दिवशी महेंद्रनगरला मुक्कामाला यावे आणि सकाळच्या फाटकाला लागावे. भन्साराचा कागद दाखवून गाडी बाहेर पडल्याची नोंद करून घेतल्याशिवाय पुलावर चढू नये, कारण ती नोंद राहिली तर त्यांच्या दप्तरी तुमची गाडी नेपाळातच आहे असे दिसते आणि पुढच्या वेळी तीस दिवसांच्या हिशोबात ते सगळे दिवस धरले जाऊ शकतात. भारतीय बाजूला कस्टम्स सामान पाहते. जमिनीवरून येणाऱ्याला नव्या वस्तूंवर सवलतीचा भरवसा धरता येत नाही, म्हणून तिकडच्या बाजारातले परदेशी बनावटीचे सामान आणण्याचा मोह टाळावा. नोंद झालेल्या कागदाची एक प्रत मागून घ्यावी आणि ती आरसीच्या पाकिटातच ठेवून द्यावी. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा खिडकीवर आधीच्या खेपेचे दिवस विचारले गेले आणि तोच कागद पुढे केला.